सूक्ष्महवामान मोजणीची भाड्याची पेटी: सहा आठवडे वापरल्यावर

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. एखाद्या रस्त्यापुरतं, गल्लीपुरतं हवामान म्हणजे सूक्ष्महवामान, ते मोजणाऱ्या उपकरणांना पाचपैकी चार. सोबतच्या सॉफ्टवेअरला दीड. शेवटी हातात पडणाऱ्या रंगीत अहवालाला एक, तोही बांधणी चांगली होती म्हणून. पेटीत एक काळा गोळा आहे, त्याला वेगळे गुण द्यायची सोय असती तर पाचाच्या वर दिले असते. खालचं बरंचसं त्याच्याबद्दलच आहे.

मी नगररचनेच्या कामात एकोणीस वर्षं आहे. हवामानशास्त्र शिकलेले नाही. आमच्याकडे एक पाऊण किलोमीटरचा रस्ता नव्याने करायचा होता, शाळेपासून बस टर्मिनसपर्यंतचा, पूर्व-पश्चिम जाणारा, रुंदी अठरा मीटर. एक गट म्हणत होता, डांबरावर ऊन परतवणारा फिकट लेप मारू, रस्ता थंड होईल, काम महिन्याभरात संपेल. दुसरा गट म्हणत होता, झाडं लावा, थांब्यांवर छत घाला. दोघांकडेही ठाम मतं होती आणि आकडा कोणाकडेच नव्हता. "आधी मोजून तरी बघू," असं मी बैठकीत बोलून बसले. काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. उपकरणं विकत घ्यायची मंजुरी मिळेपर्यंत उन्हाळा सरला असता, म्हणून भाड्याने मागवली. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा पेट्या देणारे बरेच आहेत आणि त्यांचे गुणदोष साधारण सारखेच असावेत.

पेटी मजबूत आहे. चाकं आहेत, पण ती विमानतळाच्या फरशीसाठी केलेली, फुटपाथच्या फरशीसाठी नव्हेत. आत फोममध्ये प्रत्येक वस्तूचा साचा कापलेला. बारा तापमान-आर्द्रता लॉगर, त्यांच्यावर बसवायच्या पांढऱ्या थाळ्यांच्या टोप्या, खांबाला आवळायचे पट्टे, वारा मोजणारी दोन यंत्रं, इन्फ्रारेड बंदूक, थर्मल कॅमेरा, माशाच्या डोळ्यासारखी दिसणारी फिशआय लेन्स, ट्रायपॉड आणि तो गोळा. चार्जर तीन प्रकारचे. का, ते विचारू नका.

पहिल्या दिवशी सगळ्यांची उडी थर्मल कॅमेऱ्यावर पडते. आमचीही पडली. एकमेकांचे फोटो काढले, कोणाचं नाक निळं, कोणाचं कपाळ पांढरं, अर्धा दिवस त्यातच गेला. मग रस्त्यावर गेलो. लेपवाल्यांनी आधीच वीस मीटरचा पट्टा नमुना म्हणून रंगवून ठेवला होता. दुपारी एक वाजता जुनं डांबर ५८ अंश, शेजारचा रंगवलेला पट्टा ४७. अकरा अंशांचा फरक, आणि फोटोत तर एक बाजू पेटल्यासारखी लाल, दुसरी जांभळी. तो फोटो संध्याकाळपर्यंत ऑफिसच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. लेपवाल्यांनी मला मनापासून धन्यवाद दिले. मी ते घेतलेही.

दुसऱ्या दिवशी माझा या कॅमेऱ्यावरचा विश्वास पहिल्यांदा डळमळला, आणि तो रस्त्यामुळे नव्हे, एका पत्र्यामुळे. थांब्याजवळच्या टपरीवर नवा चकचकीत पत्रा होता. बंदुकीचा लाल ठिपका त्यावर धरला, आकडा आला २१. भर दुपारी. मी पत्र्याला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं, बोटाला चटका. मॅन्युअलमध्ये याबद्दल दोन ओळी आहेत, त्याही मागच्या पानावर: ही यंत्रं तापमान मोजत नाहीत, वस्तूतून निघणारं इन्फ्रारेड प्रारण मोजतात आणि त्यावरून तापमान काढतात. डांबर, वीट, झाडाचं पान, माणसाची त्वचा ही मंडळी प्रारण सढळ हाताने सोडतात, त्यांची उत्सर्जकता ०.९ च्या वर. बंदुकीत ०.९५ आधीच भरलेलं असतं. चकचकीत धातूची उत्सर्जकता मात्र ०.१ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी. तो स्वतःचं फारसं सांगतच नाही, आरशासारखं वरचं आकाश दाखवतो. मी त्या दिवशी पत्र्याचं नव्हे, आकाशाचं तापमान वाचत होते.

यावर इलाज अगदी साधा. वायरमन वापरतात ती काळी चिकटपट्टी. तिचा चार बोटं लांबीचा तुकडा पत्र्याला चिकटवला, पाच मिनिटं थांबले आणि पट्टीवर ठिपका धरला: ६३. पट्टी पत्र्याइतकीच तापते, पण तिची उत्सर्जकता जास्त असल्यामुळे खरं बोलते. पेटीत हजार वस्तू आहेत, चिकटपट्टीचं एक रीळ ठेवलेलं नाही. तेवढं स्वतःचं न्या.

आता गोळा. हा तांब्याचा पोकळ गोळा, व्यास १५० मिलिमीटर, बाहेरून चमक नसलेला काळा रंग, आत मधोमध थर्मामीटर. ना स्क्रीन, ना ब्लूटूथ, खाली फक्त एक वायर. तो ट्रायपॉडवर छातीच्या उंचीला लावायचा आणि वाट बघायची. खरोखर वाट बघायची, वीस मिनिटं, कारण तांबं आणि आतली हवा एका तोलावर यायला तेवढा वेळ जातो. लहान ४० मिलिमीटरचे गोळे लवकर तयार होतात, पण वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीने त्यांचा आकडा हलतो. मला मोठाच आवडला. या वीस मिनिटांत रस्त्यावरची माणसं येऊन बोलतात, हा फायदा कुठल्याच माहितीपत्रकात नाही.

"काय मोजताय, मॅडम?" थांब्यावर बसलेल्या एका आजोबांनी विचारलं.

"ऊन मोजतेय, आजोबा."

"मग इथे सावलीत कशाला मोजताय? ऊन तिकडे आहे." त्यांनी समोरच्या फुटपाथकडे काठी दाखवली. "तिकडच्या थांब्यावर बस येते, पण आम्ही इथेच बसतो. बस दिसली की पलीकडे पळतो. पडलोही आहे एकदा."

मी गोळा पलीकडे नेला, पुन्हा वीस मिनिटं. दोन्ही फुटपाथ एकाच रस्त्याचे, मध्ये अठरा मीटर. उन्हातल्या बाजूला हवेचं तापमान ३४.२, इमारतीच्या सावलीत ३३.६. अर्धा-पाऊण अंशाचा फरक, म्हणजे काहीच नाही. हवामानाच्या बातमीत हे दोन्ही फुटपाथ सारखेच. गोळ्याचे आकडे मात्र असे: उन्हात ४८, सावलीत ३५. त्यात वाऱ्याचा वेग आणि हवेचं तापमान घालून सरासरी प्रारण तापमान काढतात. म्हणजे सूर्य, आकाश, भिंती, जमीन या सगळ्यांकडून मिळून अंगावर जेवढी उष्णता येते, तेवढी देणाऱ्या एकसारख्या खोलीच्या भिंती किती तापलेल्या असतील, तो आकडा. उन्हात तो ६८ च्या पुढे गेला, सावलीत ३८ च्या आत राहिला. जवळपास तीस अंशांचा फरक, आणि आजोबा तो काठीने दाखवत होते.

तिसऱ्या दिवशी गोळा लेपाच्या पट्ट्यावर ठेवला. हेच या सगळ्या भाड्याचं वसूल. पट्ट्यावर हवा जवळजवळ तेवढीच, जमीन अकरा अंशांनी थंड, आणि गोळा शेजारच्या काळ्या डांबरावरल्यापेक्षा दीड अंशाने जास्त! मी चार दिवस तीच मोजणी केली, जागा अदलाबदल करून केली, दरवेळी तेच. हिशोब केल्यावर प्रारण तापमानात तीन अंशांहून थोडी जास्त वाढ. कारण समजलं की अगदी साधं वाटतं. लेप ऊन पोटात घेत नाही म्हणून स्वतः थंड राहतो, पण ते ऊन जातं कुठे? वर जातं, आणि वर आपण उभे असतो. अमेरिकेतल्या फिनिक्स शहराने २०२० मध्ये असेच लेप रस्त्यांवर मारायला सुरुवात केली, तेव्हा ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनाही हेच आढळलं होतं: दुपारी पृष्ठभाग १०.५ ते १२ अंश फॅरनहाइटने थंड, पण चालणाऱ्या माणसावरचा उष्णतेचा भार ५.५ अंश फॅरनहाइटने जास्त. रात्री हवा किंचित थंड झाली, ती अर्ध्या अंशाने. म्हणजे लेप वाईट असं मुळीच नाही. गच्च्यांवर मारा, मोठ्या पार्किंगवर मारा, जिथे दुपारी कोणी पायी नसतं तिथे मारा. शाळा सुटते त्या रस्त्यावर नको.

ते फोटोबद्दलचे धन्यवाद मी पुढच्या बैठकीत परत केले.

गोळ्याच्या शेजारी ओल्या वातीचं थर्मामीटर लावलं की वेट बल्ब ग्लोब तापमान मिळतं, म्हणजे उष्णतेचा अंगावर किती ताण येतो ते सांगणारा आकडा. ही जुनी, खणखणीत पद्धत, १९५० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षणात सैनिक उष्माघाताने कोसळू नयेत म्हणून निघालेली. उन्हातलं सूत्र: ओल्या वातीचे ०.७, गोळ्याचे ०.२, साध्या हवेचे ०.१. वात सुती असते आणि तिला डिस्टिल्ड पाणी लागतं, नाहीतर क्षार साचून ती पाणी ओढेनाशी होते. माझी वात एका दुपारी सुकली आणि मला कळलं नाही. तासभराचा डेटा भयंकर दिसत होता, मी तो जवळजवळ पाठवणार होते. यंत्राला सुकलेली वात ओळखता येत नाही, ती माणसानेच बघायची.

बारा लॉगर हा पेटीचा दुसरा बळकट भाग. काडेपेटीहून थोडे मोठे, दर पाच मिनिटांनी नोंद करणारे, बॅटरी सहा आठवडे पुरली. पांढऱ्या थाळ्यांची टोपी ऊन अडवते आणि वारा खेळू देते. टोपीशिवाय सेन्सर लावलात तर हवा नव्हे, सेन्सरचंच तापलेलं अंग मोजाल. वारा पडलेला असताना टोपी असूनही दुपारचा आकडा थोडा चढाच येतो, हे लक्षात ठेवायचं. मी ते दिव्याच्या खांबांवर तीन मीटर उंचीला लावून घेतले, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात पोचत नाही. लावायचं काम ज्यांना दिलं त्यांनी अकरा नीट लावले आणि बारावा एका दुकानाच्या एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर, कारण तिथे शिडी टेकवायला सोयीचं होतं. आठवडाभर आम्ही त्या कोपऱ्याला शहरातली सर्वांत तापलेली जागा समजत होतो. एका सहकाऱ्याने तर त्यावर स्लाइडही केली. मग माझ्या लक्षात आलं की ही जागा दुकान बंद झालं की दहा मिनिटांत थंड होते. भिंती इतक्या शिस्तीच्या नसतात.

लॉगरांनी जी गोष्ट सांगितली ती रात्रीची, आणि ती मला अपेक्षित नव्हती. आमच्या भागात एक जुनी चिंचोळी गल्ली आहे, दोन्हीकडे चार मजली घरं. दुपारी ती हवीहवीशी थंड, ऊन तळापर्यंत पोचतच नाही. सगळे तिचं कौतुक करतात, मीही अहवालांत केलेलं आहे. पण निरभ्र, वारा नसलेल्या रात्री दहा वाजता हीच गल्ली मोकळ्या मैदानापेक्षा तीन अंशांनी गरम. पहाटे चारलाही दोन अंशांचा फरक उरलेला. ढगाळ, वाऱ्याच्या रात्री फरक एका अंशाच्याही खाली. दिवसा भिंतींनी जे साठवलं ते रात्री आकाशाकडे जायला बघतं आणि आकाशच दिसत नाही, समोर दुसरी तापलेली भिंत.

लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड यांनी दोनशे वर्षांपूर्वी हेच पाहिलं होतं. ढगांना नावं देणारे तेच हॉवर्ड. १८१८ मध्ये त्यांच्या लंडनच्या हवामानावरच्या ग्रंथाचा पहिला खंड आला. त्यांच्या नोंदींत शहर रात्री खेड्यापेक्षा ३.७ अंश फॅरनहाइटने गरम आणि दिवसा मात्र ०.३४ अंशाने थंड होतं. दिवसा थंड! हे वाक्य मी बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा एकजण म्हणाले, छापखान्याची चूक असेल.

फिशआय लेन्स इथे कामाला आली. गल्लीच्या मधोमध ती आकाशाकडे तोंड करून ठेवायची, एक गोल फोटो निघतो, आणि त्यात आकाश किती, भिंती किती ते मोजून शून्य ते एकमधला आकडा मिळतो, आकाशदर्शन गुणांक. मैदानात ०.९५, रस्त्यावर ०.६, गल्लीत ०.२. टिमोथी ओक या कॅनडात काम केलेल्या शास्त्रज्ञाने इमारतीची उंची आणि रस्त्याची रुंदी यांच्या गुणोत्तरावरून शहर व आसपासचा मोकळा भाग यांतला रात्रीचा जास्तीत जास्त फरक सांगणारं सूत्र दिलं आहे. गुणोत्तर १ असेल तर सुमारे साडेसात अंश, २ असेल तर दहाच्या वर. ते समशीतोष्ण प्रदेशातल्या शहरांच्या नोंदींवर बेतलेलं, तेही शांत, निरभ्र रात्रीपुरतं. माझे तीन अंश त्यापुढे केविलवाणे दिसतात. पण माझं मैदान शहराच्या पोटातलंच होतं. कशाच्या तुलनेत गरम, हे आधी ठरवावं लागतं आणि पेटीचं मॅन्युअल त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. त्यापेक्षा ओक आणि इयन स्टुअर्ट यांनी २०१२ मध्ये मांडलेली स्थानिक हवामान विभागांची पद्धत घ्या: दहा बांधलेले प्रकार, सात मोकळ्या जमिनीचे, असे सतरा. दाट उंच, दाट बुटकं, विरळ मध्यम, झाडी, पाणी वगैरे. लॉगर कुठे लावायचे ते त्यावरून ठरवलं तर बारा पुरतात. मनाला येईल तिथे लावले तर साठही कमी पडतील.

सायकलला लावायचा एक क्लॅम्पही मिळतो, गोळा सोडून बाकी सगळं त्यावर बसतं. व्हिएन्नात १९२७ मध्ये विल्हेल्म श्मिट यांनी मोटारीला थर्मामीटर लावून शहरभर फिरत तापमान घेतलं होतं, तीच कल्पना. मी रात्री दोन तास सायकल चालवली. नंतर कळलं की फेरीच्या शेवटची जागा सुरुवातीच्या जागेपेक्षा थंड दिसते ती जागेमुळे नव्हे, मधल्या दोन तासांत सगळं शहरच थंड झालेलं असतं म्हणून. स्थिर लॉगरच्या नोंदीवरून ती घट वजा करावी लागते. शिवाय सिग्नलला थांबलात की पुढच्या गाडीचा धूर मोजता. शून्य वेगाच्या नोंदी मी हाताने काढून टाकल्या.

वाऱ्याच्या यंत्रांबद्दल थोडक्यात. तीन वाट्यांचं फिरतं यंत्र गल्लीत निरुपयोगी, मंद वाऱ्यात वाट्या हलतच नाहीत आणि यंत्र इमानदारीने शून्य लिहीत राहतं. ध्वनिलहरींवर चालणारं दुसरं उत्तम, पण पावसाच्या थेंबांनी भांबावतं. त्याच्यामुळे एवढं समजलं की टर्मिनसच्या नव्या उंच इमारतीच्या कोपऱ्यावर वारा बाकी रस्त्याच्या अडीचपट आहे. उंच इमारत वरचा जोरकस वारा अडवून खाली ढकलते आणि तो कोपऱ्यावरून निसटतो. उन्हाळ्यात लोकांना ते बरं वाटतं, थंडीत तिथे कोणी उभं राहत नाही. वाऱ्याकडे शहरं गांभीर्याने बघतात तेव्हा काय होतं, याची उदाहरणं आहेत. जर्मनीतलं श्टुटगार्ट खोलगट दरीत वसलेलं, तिथे १९३८ पासून शहराच्या नोकरीत हवामानतज्ज्ञ आहे आणि टेकड्यांवरून रात्री उतरणारी थंड हवा अडू नये म्हणून उतारांवरच्या बांधकामाला आवर घातलेला आहे. हाँगकाँगने २००३ च्या सार्स साथीनंतर हवा खेळती राहण्याचा विचार सुरू केला आणि २००६ पासून मोठ्या सरकारी प्रकल्पांसाठी वायुवीजनाचं मूल्यमापन आणलं. आमच्या टर्मिनसच्या इमारतीचं असं कोणी काही पाहिलेलं नाही. ती उभी राहिल्यावर आम्ही वारा मोजतोय, वरातीमागून घोडं.

आता सॉफ्टवेअर. दिसायला देखणं, उघडताना शहराचा नकाशा फिरत फिरत येतो. लॉगरचा डेटा ओढून टाकला की ते सगळ्या वॉर्डला रंग देतं, लाल, केशरी, पिवळा, हिरवा. बारा ठिपक्यांवरून हजारो घरांना रंग! प्रत्येक लॉगरभोवती गोल गोल वर्तुळं, नेमबाजीच्या फळ्यासारखी. मधे नदी असो, डोंगर असो, सॉफ्टवेअरला फिकीर नाही, जवळच्या लॉगरचं तापमान अंतराच्या हिशोबाने वाटून टाकतं. एसीसमोरच्या बाराव्या लॉगरने अख्खी एक शाळा लाल केली होती.

खरी कुरकुर पुढे आहे. हे सॉफ्टवेअर यूटीसीआय नावाचा निर्देशांक काढतं, म्हणजे माणसाला नक्की किती गरम वाटेल तो आकडा. चांगला निर्देशांक आहे. २६ ते ३२ मध्यम ताण, ३२ ते ३८ तीव्र, ३८ ते ४६ अतितीव्र, त्यापुढे पराकोटीचा. तो ताशी चार किलोमीटरने चालणारा माणूस गृहीत धरतो. आणि तो दहा मीटर उंचीवरचा वारा मागतो. आमचं यंत्र होतं १.१ मीटरवर. खालचा वारा नेहमीच मंद, त्याला दहा मीटरवर न्यायचं तर साधारण दीडपट करावं लागतं. सॉफ्टवेअर तसं न करता खालचाच आकडा उचलून घालत होतं. परिणामी हवा त्वचेपेक्षा थंड असतानाचे सगळे आकडे होते त्याहून गरम दिसत होते. मला हे सापडलं तेही अपघाताने, एक दुपार मी एक्सेलमध्ये हाताने पडताळून बघितली म्हणून.

मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडचा मुलगा नम्र होता.

"मॅडम, डॅशबोर्डवर हिरवी टिक दिसतेय ना?"

"दिसतेय."

"मग कॅल्क्युलेशन ओके आहे."

"अहो, टिक डेटा अपलोड झाल्याची आहे. वाऱ्याची उंची कुठे भरायची ते सांगा."

थोडी शांतता. "उंची म्हणजे, मॅडम, समुद्रसपाटीपासूनची?"

अकरा दिवसांनी त्यांच्याकडून कोणीतरी जाणकार बाईंचा मेल आला, माझं म्हणणं बरोबर होतं, आणि पुढच्या अपडेटमध्ये उंचीचा रकाना आला. यासाठी अर्धा गुण वाढवला, म्हणून एकाचे दीड.

अहवालाला एक गुण का, तेही सांगते. चाळीस पानांपैकी तीस पानं उपग्रहाच्या प्रतिमा. लँडसॅट उपग्रहाचा उष्णतेचा सेन्सर एका वेळी शंभर मीटरचा चौकोन बघतो, नंतर तो तीस मीटरचा करून देतात, म्हणून नकाशा बारीक वाटतो. एक उपग्रह सोळा दिवसांनी त्याच जागेवर येतो, तोही सकाळी दहाच्या सुमारास. दुपारच्या तीनची किंवा रात्रीची गोष्ट त्यात नाही. वरून त्याला दिसतात गच्च्या आणि झाडांचे शेंडे, झाडाखाली बसलेला माणूस दिसत नाही. पूर्ण शहराचा ढोबळ अंदाज घ्यायला, कुठल्या भागात आधी जायचं ते ठरवायला हे नकाशे उपयोगी आहेत, मी स्वतः वापरते. पण त्यावरून कोणत्या थांब्याला छत घालायचं ते सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. अहवालात कारखान्यांच्या नव्या चकचकीत पत्र्यांच्या शेड निळ्या रंगात होत्या, "थंड क्षेत्र, हस्तक्षेपाची गरज नाही" अशा शेऱ्यासह. मी माझं बोट आठवलं. आणि आजोबांचा थांबा हिरव्या रंगात, कारण त्याच चौकोनात शेजारच्या बागेचा तुकडा येत होता.

झाडांबद्दल अहवाल भाबडा आहे, एवढंही नोंदवते. "वृक्षाच्छादन वाढवावे" असं सतरा ठिकाणी लिहिलंय. दुपारच्या गोळ्याला विचाराल तर झाडासारखं दुसरं काही नाही, पान ऊनही अडवतं आणि स्वतः फार तापतही नाही. पण चिंचोळ्या गल्लीवर दोन्हीकडच्या फांद्या मिळून छत झालं तर रात्री उरलंसुरलं आकाशही झाकलं जातं, आणि खाली वाहनं असतील तर धूर अडकतो. म्हणून रुंद रस्त्याच्या उन्हाच्या बाजूला झाडं, आणि गल्लीत भिंतींना फिकट रंग. हा भेद करायला आकाशदर्शन गुणांकाचे फोटो पुरेसे होते, ते त्यांच्याच पेटीतून निघालेले होते, आणि अहवालात एकही छापलेला नव्हता.

कोणी घ्यावी? एखादा रस्ता, चौक, शाळेचं आवार, बाजार यासाठी निर्णय करायचा असेल आणि हाताशी एक चिवट माणूस असेल तर जरूर घ्या. फक्त उपकरणं घ्या, अहवालाचा पर्याय वगळा, तसं करता येतं, ते आपणहून सांगत नाहीत एवढंच. किमान तीन आठवडे ठेवा, कारण पहिला आठवडा चुका करण्यात जातो. पूर्ण शहराचा आराखडा करायचा असेल तर ही पेटी पुरणार नाही, तिथे त्रिमितीय संगणकीय प्रतिमान लागेल आणि ते चालवणारा माणूसही. तरी त्या प्रतिमानाचे आकडे पडताळायला शेवटी कोणीतरी रस्त्यावर गोळा घेऊन उभं राहावंच लागतं.

आमच्या रस्त्याचं म्हणाल तर लेप टर्मिनसच्या पार्किंगपुरता आणि गच्च्यांपुरता राहिला. उन्हाच्या बाजूच्या चारही थांब्यांना छत मंजूर झालं, पहिलं आजोबांच्या समोरच्या थांब्याला.

पेटी परत केली तेव्हा त्यांनी अनामत रकमेतून थोडे पैसे कापले. गोळ्यावर एक ओरखडा होता, बोटाच्या पेराएवढा, माझ्याच हातून ट्रायपॉड कलंडला तेव्हाचा. काळ्या रंगाखालचं तांबं चमकत होतं. मी भांडायच्या तयारीने फोन उचलला होता, मग तो चकाकणारा ओरखडा आणि टपरीचा पत्रा एकदम आठवले, आणि फोन ठेवून दिला. तेवढी कपात त्यांनी बरोबर केली होती.